ऑनलाइन कोर्समध्ये विद्यार्थी गुंततात कशाने? साधनांबद्दल बोलू या

खडूफळा

ऑनलाइन शिकवणारे चारजण एकत्र आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही कोणतं टूल वापरता?" मग कहूट (क्विझचा खेळ), मेंटीमीटर (मतदान), पॅडलेट (सगळ्यांनी चिकटवायची भिंत) अशी नावं निघतात, ती टिपून घेतली जातात, आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच. बंद कॅमेऱ्यांचे काळे चौकोन, चॅटमध्ये नेहमीचीच दोन-तीन नावं, आणि "समजलं का?" या प्रश्नावर शांतता. यावर नीट बोलावं म्हणून हा धागा काढतोय. माझं मत आधी मांडतो. खोडायचं असेल तर जरूर खोडा.

साधन निवडण्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. या दहा मिनिटांत विद्यार्थ्याने डोकं लावून नेमकं काय करायचं आहे? आणि त्याने जे केलं त्याला उत्तर कोण देणार आहे? दुसरी गोष्ट बहुतेक वेळा राहूनच जाते. पोल घेतला, रंगीत पट्ट्या वरखाली झाल्या, "छान, पुढे जाऊ" म्हणत पुढची स्लाइड आली. ज्यांनी चुकीचा पर्याय निवडला ते होते तिथेच राहिले. आपण उत्तर दिलं काय नि न दिलं काय, तास ठरल्यासारखाच पुढे सरकतो हे मुलांच्या फार लवकर लक्षात येतं. मग ती सोडून देतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आता व्हिडिओ. २०१४ साली ग्वो, किम आणि रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरच्या चार कोर्समधल्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-बैठकींच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक तो साधारणपणे सहा मिनिटांपेक्षा जास्त पाहत नव्हते. तेव्हापासून "व्हिडिओ सहा मिनिटांचा करा" हा मंत्रच झालाय. पण त्या नोंदी पाहण्याच्या आहेत, शिकण्याच्या नाहीत. सहा मिनिटं नुसतं पाहून माणूस कोराही राहू शकतो.

मला जास्त पटतो तो श्पुनार, खान आणि शॅक्टर यांचा २०१३ सालचा प्रयोग. संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान त्यांनी चार भागांत दाखवलं. काहींना प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, काहींना तोच मजकूर पुन्हा वाचायला दिला. मधेच विचारलं, की आत्ता लक्ष कुठे होतं? चाचणी नसलेल्यांचं सुमारे ४१ टक्के वेळा लक्ष भटकलेलं निघालं, चाचणी असलेल्यांचं १९ टक्के वेळा. चाचणीवाल्यांनी टिपणंही जास्त काढली आणि शेवटच्या परीक्षेत त्यांना जास्त आठवलं. व्याख्यान तेच, लांबीही तीच. मधे मधे थोडं विचारलं गेलं एवढ्या एका गोष्टीने फरक पडला.

हे घडवायला एचफाइव्हपी पुरेसं आहे. मुक्तस्रोत साधन आहे, मूडल या कोर्स चालवायच्या मंचात बसतं, व्हिडिओ ठरलेल्या जागी थांबवून प्रश्न विचारता येतो. फक्त "मी आत्ता काय म्हणालो?" असा प्रश्न विचारू नका. "आता पुढे काय होईल असं वाटतं?" असा विचारा. एकदा अंदाज बांधला की माणूस तो खरा ठरतो का हे पाहायला थांबतो.

लाइव्ह तासासाठी माझा भरवसा एका जुन्या पद्धतीवर आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९१ पासून ती रुजवली. संकल्पनेचा एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा मत द्यायचं. ऑनलाइन हे पोल आणि ब्रेकआउट रूममध्ये (बैठकीतल्या छोट्या गटांच्या खोल्यांत) छान जमतं. एक पथ्य मात्र पाळायचं: पहिल्या मताचा निकाल मुलांना दाखवायचा नाही. दाखवला की सगळे उंच पट्टीकडे वळतात आणि चर्चा मरते. जवळपास सगळे बरोबर असतील तर पुढे जा, फारच थोडे बरोबर असतील तर पुन्हा समजावा; मधली अवस्था असेल तेव्हाच खोल्यांमध्ये पाठवा.

तुम्ही काय वापरता, आणि कशासाठी?

नीलमोहर

धागा आवडला. मी साहित्य शिकवते, त्यामुळे पोल माझ्या फारसे कामाचे नाहीत. कवितेला चार पर्याय कसे द्यायचे?

माझं साधन म्हणजे समासात लिहिणं. हायपोथेसिस किंवा पर्यूसलवर मजकूर चढवायचा आणि मुलांनी ओळीच्या शेजारीच प्रश्न, शंका, मतभेद लिहायचे. पूर्वी "या कथेबद्दल चर्चामंचावर किमान १०० शब्द लिहा आणि दोघांना उत्तर द्या" असा प्रघात सगळीकडे होता, अजूनही आहे. त्यातून काय येतं? "तुझा मुद्दा छान आहे, मी सहमत आहे." सगळी चर्चा मजकुरापासून लांब, हवेत. समासातली टीप एका विशिष्ट शब्दाला चिकटलेली असते, तिथे मोघम बोलताच येत नाही. कुणीतरी एका वाक्याखाली लिहितं, "इथे निवेदक खोटं बोलतोय असं मला वाटतं." बस, त्याच वाक्याखाली सातजण भांडायला येतात.

दोन गोष्टी अनुभवाने सांगते. पहिल्या दोन टिपा माझ्या असतात, आणि त्या खऱ्या प्रश्नांच्या असतात, म्हणजे ज्यांचं उत्तर माझ्याकडेही पक्कं नाही अशा. आणि लाइव्ह तासाची सुरुवात मी मुलांच्याच तीन टिपा पडद्यावर ठेवून करते. तुम्ही म्हणता ते "उत्तर कोण देणार" इथे लागू पडतं. आपली टीप तासाला वाचली जाऊ शकते म्हटल्यावर ती लिहिण्याची जातच बदलते.

ओसरी

दोघांचंही पटलं, पण हे तीस-चाळीस मुलांचं झालं. माझ्या कोर्सला शेकड्यांनी विद्यार्थी आहेत, मदतीला दोन सहायक. प्रत्येकाला उत्तर देणं शक्य नाही. मोठ्या वर्गात हे सगळं गळून पडतं आणि उरतात त्या आपोआप तपासल्या जाणाऱ्या क्विझ.

खडूफळा

@ओसरी, प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायची गरज नाही. वर्गाला उत्तर मिळालं तरी प्रत्येकाला ते आपल्याला मिळाल्यासारखं वाटतं, फक्त ते त्यांनी लिहिलेल्या मजकुरातून आलेलं दिसलं पाहिजे.

आठवड्याच्या शेवटी एकच प्रश्न असलेला फॉर्म पाठवा: "या आठवड्यात सर्वांत धूसर राहिलेली गोष्ट कोणती?" एक-दोन वाक्यांत उत्तर. शेकडो उत्तरं आली तरी चाळताना पाच-सहा गठ्ठे पडतात, कारण माणसं अडतात ती त्याच त्याच जागी. सोमवारी तीन-चार मिनिटांचा साधा व्हिडिओ करा, फोनवर केलात तरी चालेल: "बऱ्याच जणांनी लिहिलंय की प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांत गोंधळ होतोय. एकाने तर फार नेमकं विचारलंय…" आणि तो प्रश्न वाचून दाखवा. संपादन नको, संगीत नको. हा व्हिडिओ पुढच्या वर्षी वापरता येणार नाही, आणि तो इतका चालतो तेही त्याचमुळे. तो फक्त याच मुलांसाठी केलेला असतो.

आपोआप तपासल्या जाणाऱ्या क्विझला मी कमी लेखत नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग पाहा. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटं झालं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणून क्विझ ठेवाच, पण गुणांचा भार नगण्य ठेवा आणि कितीही वेळा सोडवू द्या. तिचं काम मोजण्याचं नाही, आठवायला लावण्याचं आहे.

रात्रपाळी

मी शिकवत नाही, शिकतो. नोकरी सांभाळून रात्री कोर्स करणाऱ्यांपैकी. शिकणाऱ्याच्या बाजूनेही कुणी लिहावं असं वाटलं.

लाइव्ह तासाला आम्हाला बहुतेकदा येताच येत नाही. त्यामुळे पोल, ब्रेकआउट, कहूट हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये पाहायचं असतं. दुसऱ्यांचे पोल पाहणं फार कंटाळवाणं असतं, खरंच. ज्यांनी ते तुकडे कापून रेकॉर्डिंग टाकलं, आणि तोच प्रश्न खाली वेगळा सोडवायला ठेवला, त्या शिक्षिकेचे मी मनापासून आभार मानतो.

"तुम्ही बरेच दिवस आला नाहीत, तुमचं शिक्षण वाट पाहतंय" असे आपोआप येणारे मेल मी न वाचता उडवतो. पण एकदा सहायकाचा दोन ओळींचा मेल आला होता. "तुमची दुसरी असाइनमेंट वाचली, त्यातला तिसरा मुद्दा वेगळा होता, तिसरी आली नाही म्हणून विचारतोय." त्या रात्री मी तिसरी लिहून टाकली.

फोनवर शिकणाऱ्यांचाही विचार करा. पडदा सहा इंचांचा, नेट कधी आहे कधी नाही. व्हिडिओ डाउनलोड करता यावा, त्याची नुसती ऑडिओ फाइल असावी, पीडीएफ दोन रकान्यांची नसावी. प्रत्येक आठवड्याला नवं ॲप, नवं लॉगिन आलं की मी पहिल्यांदा तिथे गळतो.

ओसरी

@रात्रपाळी, तुमच्या लिहिण्यावरून गळतीचा मुद्दा आठवला. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्स कोर्सचा २०१२ ते २०१८ चा आढावा राइश आणि रुइपेरेझ-वालियेंते यांनी २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये छापला होता. २०१७-१८ मध्ये सगळ्या नोंदणीकृतांपैकी कोर्स पूर्ण करणारे ३.१३ टक्के. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्यांत ४६ टक्के. पहिला आकडा सगळीकडे फिरतो, दुसरा कुणी सांगत नाही. नाव नोंदवणारा प्रत्येकजण पूर्ण करायला आलेला नसतो. कुणाला एकच प्रकरण हवं असतं, ते घेऊन तो निघून जातो. त्याला "गळाला" म्हणणं मला मान्य नाही.

खडूफळा यांची "धूसर" प्रश्नाची युक्ती करून बघणार आहे. सहायकांना गठ्ठे पाडायला सांगता येईल.

पतंग

वरच्या सगळ्यांनी कहूटला बाजूला सारलेलं दिसतंय, म्हणून त्याच्या बाजूने लिहितो. माझा वर्ग नुकती शाळा संपवलेल्या मुलांचा आहे. लीडरबोर्ड (गुणांची क्रमवारी) लावला की चैतन्य येतं, जी मुलं महिनाभर बोलली नाहीत ती ओरडायला लागतात. बॅज, गुण, पायऱ्या यांत वाईट काय? खेळातून शिकणं ही काही कमी दर्जाची गोष्ट नव्हे.

नीलमोहर

खेळ वाईट नाहीच. पण बक्षिसाबद्दल थोडं जपून असावं असं माझं मत आहे.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्र काढायची मनापासून आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता दिलं, काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळेत, कुणी सांगत नसताना, आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. आवडीचं काम बक्षिसाचं काम झालं होतं.

मोठ्यांचंही उदाहरण आहे. हॅनस आणि फॉक्स यांनी २०१५ मध्ये एकाच कोर्सचे दोन वर्ग सोळा आठवडे पाहिले. एकात बॅज आणि लीडरबोर्ड, दुसऱ्यात नाही. बॅजवाल्या वर्गातली मुलं काळाबरोबर कमी उत्साही, कमी समाधानी होत गेली आणि अंतिम परीक्षेतही मागे पडली.

लीडरबोर्डवर वरच्या पाचांना मजा येते. चाळिसाव्या क्रमांकावरच्या मुलाला दर आठवड्याला आपला क्रमांक पाहून काय वाटत असेल, त्याचा विचार मी जास्त करते.

पतंग

@नीलमोहर, चाळिसाव्या मुलाचा मुद्दा लागला. पण ओरडणारी मुलंही माझ्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांचा आनंद खोटा नाही. मधला मार्ग असा दिसतो: वैयक्तिक ऐवजी गटाने खेळायचं, आणि वेगाचे गुण काढून टाकायचे. कहूटमध्ये प्रश्नाची वेळ वाढवता येते, गुण बंदही करता येतात. वेग काढला की मुलं वाचून, विचार करून उत्तर देतात, आणि मला हवं तेच आहे. गटात असल्यामुळे आपापसांत बोलणंही होतं.

गणितवेडा

गणितातला अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडे खरी गंमत आहे ती हलवून पाहण्याच्या साधनांत: जिओजेब्रा, डेसमॉस, आणि विज्ञानवाल्यांसाठी कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स. तिन्ही फुकट, तिन्ही ब्राउझरमध्ये चालतात. पण सिम्युलेशनची लिंक देऊन "खेळून बघा" म्हटलं की मुलं दोन मिनिटं स्लायडर सरकवतात आणि निघून जातात. काम नेमकं द्यावं लागतं. मी y = ax² + bx + c चा आलेख देतो आणि सांगतो: फक्त b बदला, शिरोबिंदू कोणत्या वाटेने फिरतो ते आधी कागदावर काढा, मग स्लायडर हलवा. बहुतेकांना वाटतं तो सरळ आडवा सरकेल. प्रत्यक्षात तो दुसऱ्या एका परवलयावरून चालत जातो, तेही उलट्या बाजूला तोंड असलेल्या. कागदावरची आडवी रेघ आणि पडद्यावरची वळणदार वाट शेजारी-शेजारी दिसली की मुलं स्वतःहून "असं का?" विचारतात. त्या "असं का"साठी तर सगळा खटाटोप.

दुसरं, चुकीच्या पर्यायांवर मेहनत घ्या. मूडलच्या क्विझमध्ये प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय लिहिता येतो, पण बहुतेक ठिकाणी ती जागा कोरीच असते. (a+b)² = a² + b² निवडणाऱ्याला "चूक" असं सांगून काय मिळणार? "a = 1, b = 1 घालून दोन्ही बाजू काढून पाहा" एवढं लिहा. हा अभिप्राय एकदा लिहिला की हजार मुलांना मिळतो. @ओसरी, मोठ्या वर्गाचं उत्तर मला यात दिसतं.

शांतनदी

कॅमेऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या संस्थेत कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती आहे, "गुंतणं दिसलं पाहिजे" म्हणून. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

कॉर्नेल विद्यापीठात कास्टेली आणि सार्वरी यांनी मुलांनाच विचारलं होतं की कॅमेरा का लावत नाही. २०२१ मध्ये ते छापलं. सर्वांत मोठं कारण निघालं आपण कसे दिसतो याची चिंता. त्यानंतर मागे कोण दिसेल, घर कसं दिसेल, नेट झेपेल का. आळस किंवा लपवाछपवी हे मुख्य कारण नव्हतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी व्हिडिओ-बैठकींच्या थकव्यावर लिहिलं. सतत अंगावर येणारी नजर, तासभर स्वतःचाच चेहरा समोर, एका जागी खिळून बसणं आणि हावभाव दाखवायला-वाचायला लागणारं जास्तीचं श्रम. ज्याच्या डोक्यात आपला चेहराच फिरतोय त्याच्या डोक्यात विषयाला जागा किती उरणार?

मी चॅटचा धबधबा करते. प्रश्न विचारते आणि सांगते: "उत्तर टाइप करा, पण एंटर दाबू नका." पूर्ण मिनिटभर थांबते. मग "आता पाठवा." सगळी उत्तरं एकदम कोसळतात. पहिलं उत्तर पाहून गप्प बसायची सोय राहत नाही, आणि लाजाळू मुलाचं उत्तर गर्दीत सुरक्षित असतं. तेवढा वेळ गप्प थांबणं शिक्षकाला जड जातं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी प्रत्यक्ष वर्गांत मोजलं होतं, की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. ऑनलाइन तर टाइप करायचं असतं, नेटही मागे असतं. तिथे तीन सेकंदही अपुरेच.

बोटांनीवाचतो

मी दृष्टिहीन आहे, स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून तीन-चार ऑनलाइन कोर्स केले आहेत. वर सुचवलेली बरीच साधनं माझ्यासाठी बंद दरवाजे असतात, म्हणून लिहितोय.

ओढून-सोडून जोड्या लावायचे खेळ माउसशिवाय अनेकदा चालतच नाहीत. वेब-सुलभतेच्या निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, २०२३ पासून स्पष्ट म्हटलंय की ओढण्याला पर्याय असला पाहिजे. पण शिक्षकाने तो प्रकार निवडण्याआधी एकदा माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने सोडवून पाहिला तरी कळेल. "हिरवं बटण दाबा" असं म्हणू नका, बटणावर नाव लिहा. रंग ओळखू न शकणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो. वेळेचं घड्याळ लावलं की माझा निम्मा वेळ पर्याय ऐकण्यातच जातो, त्यामुळे पतंग यांनी वेग काढायचं म्हटलं ते वाचून बरं वाटलं. पॅडलेटसारख्या भिंतीवर नुसती चित्रं चिकटवली की मला "इमेज, इमेज, इमेज" एवढंच ऐकू येतं. चित्राखाली एक ओळ वर्णन लिहा.

चॅटचा धबधबा आला की माझा स्क्रीनरीडर सगळी उत्तरं एकामागून एक वाचायला लागतो आणि शिक्षकांचा आवाज बुडतो. शांतनदी, युक्ती सोडू नका. फक्त धबधब्यानंतर अर्धा मिनिट बोलू नका, आणि दोन-तीन उत्तरं स्वतः वाचून दाखवा.

शांतनदी

@बोटांनीवाचतो, लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. अर्धा मिनिट शांतता आणि उत्तरं मोठ्याने वाचणं, पुढच्या तासापासून दोन्ही सुरू. फोनवरून नुसतं ऐकणाऱ्यांनाही त्याचा फायदाच होईल.

ओसरी

आणि चॅटबॉटचं काय करायचं? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून माझ्या चर्चामंचावरची उत्तरं गुळगुळीत झाली आहेत. शंभर उत्तरं, एकच आवाज.

गणितवेडा

@ओसरी, तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर गणिताचा प्रयोग झाला, २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला साधा चॅटबॉट दिला, दुसऱ्याला शिक्षकांनी घडवलेला, जो उत्तर न देता सूचना देतो. सराव करताना पहिल्या गटाची कामगिरी ४८ टक्के सुधारली, दुसऱ्याची १२७ टक्के. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. साध्या चॅटबॉटवाली मुलं, ज्यांच्याकडे कधी काहीच नव्हतं त्यांच्याही १७ टक्के मागे पडली. सूचना देणाऱ्या बॉटच्या गटाचं असं नुकसान जवळपास झालंच नाही.

याचा अर्थ मी असा लावतो, की बंदी घालण्यापेक्षा काम बदला. "अमुक संकल्पना स्पष्ट करा" हा प्रश्न आता मेला. "तुमचा पहिला अंदाज काय होता, आलेख पाहून तो कुठे बदलला, कागदाचा फोटो जोडा" हा अजून जिवंत आहे.

नीलमोहर

यात भर: आवाजी उत्तर. दीड मिनिटाची ध्वनिफीत, अडखळत बोललेली चालेल असं आधीच सांगते. वाचून दाखवलेलं लगेच ओळखू येतं, आणि अडखळण्यातच मुलाचा विचार कुठे अडलाय ते ऐकू येतं.

खडूफळा

एक व्यवहाराची सूचना करून ठेवतो. साधनं मरतात. जॅमबोर्ड हा फळा गूगलने २०२४ च्या अखेरीस बंद केला, मायक्रोसॉफ्टचं फ्लिप हे व्हिडिओ-उत्तरांचं स्वतंत्र ॲपही त्याच वर्षी गेलं. त्यांवर वर्षानुवर्षं रचलेले उपक्रम शिक्षकांना घाईघाईने हलवावे लागले. प्रश्न, चुकीचे पर्याय, अभिप्राय हे आपलं भांडवल आहे. ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये स्वतःजवळ ठेवा, साधनात फक्त चिकटवा.

आणि डॅशबोर्डवर फार विसंबू नका. मुलांचे गुण आणि मंचावरचा वावर यांवरून लाल-पिवळे-हिरवे दिवे लावणारी यंत्रणा पर्ड्यू विद्यापीठाने आणली होती, तिने मुलं टिकतात असा दावाही झाला. २०१३ मध्ये टीकाकारांनी दाखवलं की जी मुलं टिकतात तीच जास्त कोर्स घेतात, म्हणून दिवे असलेल्या कोर्समध्ये ती जास्त दिसतात. दिवा लाल झाला तर तो फक्त रात्रपाळी यांनी सांगितलेला दोन ओळींचा मेल लिहायची आठवण समजा.

नवीपाटी

सगळा धागा वाचून काढला. पुढच्या महिन्यात माझा पहिला ऑनलाइन कोर्स आहे, वनस्पतिशास्त्राची तोंडओळख, आठ आठवडे. मुलं बहुतेक फोनवरून येणार. इतकं सगळं एकदम जमणार नाही. सुरुवातीला काय धरू?

खडूफळा

@नवीपाटी, एकच मंच, नवं लॉगिन नाही. आठवड्याला एक मतदानाचा प्रश्न आणि एक "धूसर काय" फॉर्म. दोन्हींचं उत्तर सोमवारच्या छोट्या व्हिडिओत. बाकी सगळं दुसऱ्या वर्षी. पहिल्या आठवड्याचा प्रश्न ठरला असेल तर इथे टाका, मिळून घासून घेऊ.

नवीपाटी

धन्यवाद! प्रश्न असा विचार केलाय: "रोपाचा मोठा वृक्ष होतो. त्याच्या सुक्या लाकडाच्या वजनातला सर्वांत मोठा वाटा कुठून येतो?" पर्याय: माती, हवा, सूर्यप्रकाश.

खडूफळा

सुरेख प्रश्न आहे. बरेचजण माती म्हणतील, काही सूर्यप्रकाश, आणि लाकडाचा बहुतांश भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो हे पटवून घ्यायला मुलांना खरंच भांडावं लागेल. पहिलं मत लपवून ठेवा. चर्चेनंतर फान हेल्मोंट या शास्त्रज्ञाचा विलोच्या झाडाचा प्रयोग सांगा, तो १६४८ साली छापला गेला. कुंडीत माती वजन करून घातली, पाच वर्षं फक्त पाणी दिलं. झाड सुमारे १६४ पौंडांनी वाढलं आणि माती जेमतेम दोन औंस कमी झाली. हे ऐकवून मगच दुसरं मत घ्या.

आणि चौथा पर्याय "पाणी" जरूर घाला. फान हेल्मोंटने स्वतः तोच निष्कर्ष काढला होता, त्यामुळे दुसऱ्या मतात बरीच मुलं तिकडे वळतील आणि तुमच्या सोमवारच्या व्हिडिओला विषय मिळेल. त्या पर्यायाच्या अभिप्रायात लिहा: "पाण्यात कार्बन असतो का? लाकूड जळून कोळसा उरतो, तो कुठून आला?"